कम्युनिटी रेडिओवर अर्धा तास न्यूयोरिकन कविता: मधल्या स्पॅनिशचं भाषांतर करू का?

ओंकार_ब्राँक्स

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कला शिकायला येऊन दीड वर्ष झालं. ब्राँक्समधल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर दर शनिवारी एडिटिंग करायला जातो. पगार नाही, कॉफी असते. १५ सप्टेंबरला हिस्पॅनिक हेरिटेज मंथ सुरू होतोय आणि माणूस कमी पडला म्हणून अर्ध्या तासाचा एक भाग माझ्या गळ्यात आलाय. विषय: शहरातली लॅटिनो संस्कृती आणि कविता.

मी कागदावर पंधरा देश लिहून काढले, प्रत्येकाची दोन मिनिटं, मधे थोडा साल्सा. न्यूयोरिकन, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन, कवींपासून सुरुवात केली आणि तिथेच अडकलो. या कविता इंग्रजीत सुरू होतात आणि वाक्य अर्ध्यावर असताना स्पॅनिशमध्ये उडी मारतात. माझी स्पॅनिश सबवेतल्या पाट्यांपुरती. म्हणून कच्च्या कटमध्ये प्रत्येक स्पॅनिश तुकड्यानंतर माझ्या आवाजात इंग्रजी अर्थ टाकला. आता ऐकताना ‘दरवाजे बंद होत आहेत’ अशी घोषणा चाललीय असं वाटतं. अर्थ काढून टाकला तर ज्यांना भाषा येत नाही त्यांनी काय करायचं? तुम्ही काय कराल?

खवचट_काका

पंधरा देश गुणिले दोन मिनिटं म्हणजे तीस मिनिटं. साल्सा कुठे बसवणार? हा कार्यक्रम नाही, ट्रॅव्हल कंपनीचं पत्रक आहे. एक देश घे. जमलं तर एक गल्ली घे.

अ‍ॅव्हेन्यू_सी

काका खवचट असले तरी बरोबर बोलतायत. ओंकार, तो कागद फाड.

मी १९९४ साली इथे आले. नऊ वर्षं मॅनहॅटनमधल्या लोअर ईस्ट साइडच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. गिऱ्हाईक बहुतेक पोर्तो रिकन, त्यातही म्हाताऱ्या बायका जास्त. काउंटरच्या आतल्या बाजूला मी देवनागरीत चिठ्ठी चिकटवली होती: ‘ऊना कादा ओचो ओरास’, म्हणजे दर आठ तासांनी एक गोळी. माझी स्पॅनिश त्या चिठ्ठीपासून सुरू झाली.

पहिल्याच वर्षी एका आजींना मी विचारलं, तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात? त्या हसल्या. मागे वळून रांगेला सांगितलं, मग रांग हसली. पोर्तो रिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नागरिक, पण बेटावर राहिलं तर अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. विमानात बसून ब्राँक्सला राहायला आलं की मत मिळतं. तुझा महिना १५ सप्टेंबरला का सुरू होतो माहीत आहे ना? ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा. आणि ज्यांच्या कविता तू वाजवणार आहेस, त्यांना स्वातंत्र्यदिनच नाही. सुरुवात इथून करता येईल. साल्सापेक्षा हे जास्त ऐकलं जाईल.

आता तुझा प्रश्न. ‘न्यूयोरिकन’ हा शब्द आधी टोमणा होता. न्यूयॉर्कात वाढलेली मुलं बेटावर गेली की तिथले लोक त्यांना हिणवायचे: ना धड स्पॅनिश, ना धड इंग्रजी. मिगेल अल्गारीन आणि मिगेल पिन्येरो या कवींनी तोच शब्द उचलला आणि १९७५ साली आपल्या कवितासंकलनाच्या नावात लावला. थोडक्यात, मधली उडी हीच त्यांची भाषा आहे. तू प्रत्येक उडीखाली अर्थाची जाळी धरतोस, तेव्हा नकळत तोच टोमणा पुन्हा मारतोस.

एक शब्द घे. लोअर ईस्ट साइड. भराभर म्हण, शेवटी एक स्वर ठेवून म्हण: लोइसायदा. इंग्रजी नाव पोर्तो रिकन तोंडात गेलं आणि असं बाहेर आलं. बिंबो रिवास यांनी १९७४ मध्ये याच नावाची कविता केली, आणि १९८७ पासून अ‍ॅव्हेन्यू सीच्या पाटीवर हे दुसरं नाव सरकारी अक्षरात आहे. याचं भाषांतर काय करशील? पाटीखाली उभा राहा, माईक सुरू कर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शब्द उच्चारायला लाव. दोन मिनिटं अशी सुटतील.

न्यूयोरिकन पोएट्स कॅफेबद्दल सगळे सांगतील, म्हणून थोडक्यात. १९७३ मध्ये अल्गारीनच्या राहत्या घरात सुरू झाला. हा माणूस रटगर्स विद्यापीठात शेक्सपिअर शिकवायचा. घरात माणसं मावेनात म्हणून आधी एक आयरिश बार भाड्याने घेतला, मग ईस्ट थर्ड स्ट्रीटवरची इमारत. ऐंशीच्या दशकात काही वर्षं बंद होता, दशकाच्या शेवटी उघडला तेव्हा स्लॅम घेऊन.

मी पहिल्यांदा गेले ती शुक्रवारची रात्र होती, पावसाची. स्लॅम म्हणजे काय मला माहीत नव्हतं. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडतात, कवितेशी काही संबंध नसलेले असले तरी चालतात. प्रत्येकाला तीन मिनिटं. शून्य ते दहा गुण, तेही दशांशात. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची बेरीज. वेळेपेक्षा जास्त बोललास तर गुण कापतात. आणि स्पर्धेच्या आधी एक कवी नुसता परीक्षकांचा हात बसावा म्हणून म्हणतो, त्याचे गुण धरत नाहीत. त्याला ‘सॅक्रिफिशियल पोएट’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बळीचा बकरा. त्या रात्री बकराच सगळ्यांत चांगला होता, निदान मला तरी वाटलं. परीक्षकाने कमी गुण दिले की लोक त्याची हुर्यो उडवतात. परीक्षकाची, कवीची नाही! हे मला फार आवडलं.

मला त्या रात्री निम्मंच कळलं. पण कुठे हसायचं ते कळत होतं, आणि कुठे खोली एकदम गप्प झाली तेही. तुझ्या श्रोत्यालाही तेवढंच दे. (कॅफेच्या इमारतीचं मोठं काम काढलंय, जाण्याआधी चौकशी कर.)

ओंकार_ब्राँक्स

ताई, कागद फाडला. पण स्टेशनच्या बाईंनी आणखी एक अट घातलीय: कम्युनिटी मीडियाबद्दल काहीतरी हवंच. ते वेगळा तुकडा म्हणून शेवटी जोडू का? आणि माझ्यासारख्या बाहेरच्याने हे करावं का, असंही डोक्यात येतं.

मिशनचा_पाहुणा

मी सॅन फ्रान्सिस्कोचा, त्यामुळे थोडा पक्षपात. इथल्या मिशन डिस्ट्रिक्टमध्ये ‘एल तेकोलोते’ नावाचं स्पॅनिश-इंग्रजी वर्तमानपत्र आहे. तेकोलोते म्हणजे घुबड. १९७० मध्ये हुआन गोन्झालेस यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये शिकवताना विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलं, आणि फुकट वाटलं जातं. माझी स्पॅनिश याच पेपरने सुधारली: एका भाषेत अडलं की दुसरीकडे बघायचं. पण इथली माणसं बहुतेक मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन. इथले कवितेचे मेळावे ‘फ्लोर इ कांतो’ या नावाने होतात, म्हणजे फूल आणि गाणं. नाहुआत्ल भाषेत कवितेला हीच जोडी वापरतात. तेव्हा ‘लॅटिनो कविता म्हणजे न्यूयॉर्क’ असं काही बोलून जाऊ नकोस, इथून फोन येतील.

अ‍ॅव्हेन्यू_सी

पाहुण्यांचं म्हणणं रास्त आहे.

ओंकार, वेगळा तुकडा अजिबात जोडू नकोस. कविता आणि मीडिया या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्याच. १९६९ चं ईस्ट हार्लेम घे. यंग लॉर्ड्स नावाची पोर्तो रिकन तरुणांची संघटना. त्यांनी मोहल्ल्यात विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांना वाटलं लोक क्रांतीबद्दल बोलतील. लोक म्हणाले, कचरा उचला. नगरपालिका उचलत नव्हती. मग यांनी स्वतः रस्ते झाडले, झाडू मागायला गेले तर झाडू मिळेनात. तेव्हा सगळा कचरा थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या मधोमध रचून पेटवला.

त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी त्यांनी लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू आणि १११व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं मेथडिस्ट चर्च ताब्यात घेतलं. आठवड्यातले बहुतेक दिवस ते बंदच असायचं. अकरा दिवस तिथे मुलांना सकाळचा फुकट नाश्ता, तपासणीला डॉक्टर, इतिहासाचे वर्ग. आणि कविता. व्हिएतनामहून परतलेल्या पेद्रो पिएत्रींनी तिथे ‘पोर्तो रिकन ऑबिच्युअरी’, म्हणजे मृत्युलेख, ही कविता म्हटली. हुआन, मिगेल, मिलाग्रोस, ओल्गा, मानुएल अशी पाच माणसं. राब राब राबतात, लॉटरीच्या आकड्याची वाट बघतात, एकमेकांचा हेवा करतात आणि कर्जात मरतात. मृत्युलेख वर्तमानपत्रात येतात ना? या पाच जणांचे कुठल्याच वर्तमानपत्रात आले नसते. म्हणून ती कविताच त्यांचं वर्तमानपत्र. पुस्तक व्हायला १९७३ उजाडलं. तोवर ती माणसांना तोंडपाठ होती.

पुढच्या वर्षी लॉर्ड्सनी स्वतःचं दोन्ही भाषांतलं वर्तमानपत्र काढलं, ‘पा'लान्ते’. ‘पारा आदेलांते’, म्हणजे ‘पुढे चला’, हेच बोलताना चेपून तसं होतं. लोइसायदासारखंच. त्याच नावाचा रेडिओ कार्यक्रम श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या डब्ल्यूबीएआय स्टेशनवर सुरू झाला, आणि तो सादर करणारे फेलिपे लुसियानो स्वतः कवी. आता सांग, कविता कुठे संपली आणि मीडिया कुठे सुरू झाला?

बाहेरच्याने करावं का? माझ्या काउंटरवर एक आजोबा यायचे, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. त्यांना त्या ऑबिच्युअरीचा मधला मोठा भाग पाठ होता. गोळ्या मोजून होईपर्यंत म्हणायचे. मी एकदा वहीत लिहून घ्यायला लागले तर थांबले. म्हणाले, लिहू नकोस, परत ऐक. बाहेरचा म्हणून आलास तर बोलू नकोस, ऐकत बस, एवढंच मी त्यातून घेतलं. तुझा आवाज सुरुवातीला वीस सेकंद आणि शेवटी नावं वाचायला. बास.

खवचट_काका

यंग लॉर्ड्सवर ब्लॅक पँथर्सचा प्रभाव, आणि आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिथून घेतलं. कवीही दोन्हीकडे पुढे. हे जोडलंच पाहिजे.

अ‍ॅव्हेन्यू_सी

काका, इथे जोडा, रात्रभर बोलू. त्याच्या अर्ध्या तासात नको. ब्राँक्समधल्या श्रोत्याला आधी स्वतःचं ऐकू दे.

ओंकार, एक व्यवहाराचं. पिएत्रींच्या आवाजातली रेकॉर्ड १९७९ मध्ये फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने काढली होती. ती वाजवायची तर परवानगी काढ, आणि पुस्तकातून कुणी वाचून दाखवणार असेल तरी काढ. ‘आमचं स्टेशन छोटं आहे’ हे कारण चालत नाही. जुने कागद, पत्रकं बघायची असतील तर हंटर कॉलेजचं पोर्तो रिकन अभ्यास केंद्र आहे, ‘सेंत्रो’ म्हणतात, त्याचा संग्रह ईस्ट हार्लेममध्येच आहे.

ओंकार_ब्राँक्स

नवा कट झाला. भाषांतर सगळं काढलं, एक सोडून: ‘बोलिता’. लॉटरी हा अर्थ कळला नाही तर पुढचं सगळंच निसटतं. तोही मी सांगत नाही. आमच्या इमारतीतल्या डोमिनिकन सुपरना (इमारतीची देखभाल करणारे) विचारलं, त्यांनी चाळीस सेकंद समजावलं आणि शेवटी स्वतःचा आकडा सांगून टाकला. सुरुवात अशी ठेवलीय: ‘हिस्पॅनिक कवी पेद्रो पिएत्री यांनी १९६९ मध्ये, बारा दिवस ताब्यात असलेल्या चर्चमध्ये...’ चालेल?

अ‍ॅव्हेन्यू_सी

बारा नाही, अकरा. ‘हिस्पॅनिक कवी’ काढ, ‘पोर्तो रिकन’ म्हण, नाहीतर ‘न्यूयोरिकन’. आणि ती कविता म्हटली त्या रात्रीची तारीख वाक्यात नीट बसत नाहीये; कब्जा डिसेंबर १९६९ ला सुरू होऊन जानेवारीत संपला, तेव्हा साल ‘त्या हिवाळ्यात’ असं सैल ठेव. सुपरचा आकडा मात्र ठेव. किती वाजता लागणार ते लिही, त्या वेळी मी गाडीत असेन.