जपानी मेपलचे वाण ओळखायला कोणतं पुस्तक घ्यावं?

पार्लेकरीण (विलेपार्ले पूर्व)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये लेकीकडे पोर्टलंडला जातेय, ओरेगन राज्यातल्या. मागच्या खेपेला वसंतात गेले होते, तेव्हा तिच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक अंगणात जपानी मेपल. एकाची पानं डाळिंबी, दुसऱ्याची पोपटी, तिसऱ्याची इतकी बारीक चिरलेली की शेपूची जुडी वाटावी. ही सगळी एकाच जातीची, एसर पामेटम, असं शेजारीण म्हणाली तेव्हा मला खरंच वाटेना. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे नुसतं ‘किती छान’ म्हणून पुढे जाववत नाही. नाव कळल्याशिवाय चैन पडत नाही.

तर प्रश्न पुस्तकाचा. दोन नावं पुढे आली आहेत. एक जे. डी. व्हरट्रीज यांचा ‘जपानीज मेपल्स’ हा जाडजूड ग्रंथ, दुसरं त्याच टिंबर प्रेसनं काढलेलं छोटं ‘पॉकेट गाइड’. दोन्ही इथून मागवायची म्हणजे बऱ्यापैकी खर्च आहे, आणि गुडघ्यांमुळे फिरताना खांद्याला वजन नको. ऑनलाइन चाळायला चार-दोन पानंच मिळतात, त्यावरून अंदाज येत नाही. कुणी प्रत्यक्ष झाडाखाली उभं राहून वापरलंय का?

गोरेगावकर

काकू, पुस्तकाचा खर्च कशाला? पानाचा फोटो काढला की मोबाइलवरचं ॲप नाव सांगतं. मी आरेच्या रस्त्यावरची झाडं तशीच शिकलो.

कुंडीतलं जंगल (मुलुंड)

काकू, दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. सिॲटलला नोकरीला होतो तेव्हा सुट्टीचा दिवस तिथल्या आर्बोरेटममधल्या, म्हणजे झाडांच्या संग्रहबागेतल्या, मेपलखालीच जायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोरेगावकर, ॲप एसर पामेटमपर्यंत नीट नेतं, त्याबद्दल वाद नाही. पण काकूंना त्याच्या पुढे जायचंय. जपानी मेपलचे वाण शेकड्यांनी आहेत आणि ते कलमानंच टिकतात. बी पेरलं की प्रत्येक रोप निराळं निघतं. अंगणातली कितीतरी लाल झाडं अशी बियांपासून वाढलेली असतात, त्यांना वाणाचं नावच नसतं. ॲप मात्र तिथेही खुशाल ‘ब्लडगुड’ या लाल वाणाचं नाव देऊन मोकळं होतं. चांगलं पुस्तक तुम्हाला ‘इथे थांबा’ म्हणायला शिकवतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

पुस्तक पारखताना मी आधी बघतो ते पानाच्या चिरेबद्दल काय लिहिलंय. अभ्यासकांनी गट पाडलेत ते त्यावरूनच. चीर देठाच्या दिशेनं दोन-तृतीयांशापेक्षा कमी आत गेली असेल तर अमोएनम, दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असेल तर पामेटम, त्याहून खोल तर मात्सुमुरे. पानाची बोटं, म्हणजे चिरांमधले भाग, पट्टीसारखी अरुंद असली तर लिनिअरिलोबम, आणि तुमची शेपू म्हणजे डिसेक्टम. ठेंगण्या वाणांचा गट वेगळा. एवढं डोळ्यांत बसलं की शेकडो नावांवरून तुम्ही पाच-पंचवीसवर येता. मात्र पान फांदीच्या मधल्या भागातलं घ्या. शेंड्याची कोवळी पानं आणि छाटणीनंतर जोमानं फुटलेली पानं हमखास चकवतात.

दुसरं म्हणजे रंग. एका वाणाला एकच फोटो देणाऱ्या पुस्तकावर पैसे घालू नका. ओसाकाझुकी उन्हाळाभर साधा हिरवा असतो आणि शरदात असा पेटतो की रस्त्यापलीकडून दिसतो. ब्लडगुड कोंब फुटल्यापासूनच गडद. ‘सांगो काकू’ या वाणाची पानं शरदात पिवळी होतात, त्याची खरी ओळख थंडीत, पानं गळल्यावर लालभडक दिसणाऱ्या फांद्यांवरून. वसंत, उन्हाळा, शरद असा प्रत्येक ऋतूतला रंग शब्दांत लिहिलेला हवा. झाडाचा बांधाही हवा. सेइर्यूची पानं डिसेक्टमसारखी बारीक चिरलेली, पण झाड सरळ उभं वाढतं. त्या गटातली बाकीची बहुतेक झाडं खाली झुकलेली, छत्रीसारखी पसरट. नुसत्या पानाच्या फोटोवरून हे कसं कळणार?

माझं मत विचाराल तर पॉकेट गाइड विकत घ्या, मोठा ग्रंथ तिथे वाचनालयात बसून वाचा. व्हरट्रीज स्वतः ओरेगनचे, रोझबर्गला त्यांची मेपलची नर्सरी होती, आणि टिंबर प्रेसही ओरेगनमध्येच सुरू झालेली. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात हा ग्रंथ मिळायला अडचण येऊ नये. पहिली आवृत्ती 1978 ची. व्हरट्रीज गेल्यावर पीटर ग्रेगरी यांनी पुढच्या आवृत्त्या वाढवत नेल्या, तेव्हा मागाल ती चौथी मागा. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी नंतर आलेले वाण तीत सापडायचे नाहीत. कलमं, लागवड, रोग असं बरंच त्या ग्रंथात आहे. घरी बसून वाचायला सुंदर, पण झाडाखाली उभं राहून त्याचा उपयोग नाही.

आणि सुरुवात लेकीच्या गल्लीपासून करू नका. पोर्टलंडच्या वॉशिंग्टन पार्कमध्ये होइट आर्बोरेटम आहे. 1928 पासूनचं, प्रवेश फुकट, झाडांवर नावांच्या पाट्या. आधी पाटी वाचायची, मग पुस्तकातलं वर्णन काढायचं आणि ते पानाशी पडताळून बघायचं. असं केलं की निनावी झाडापुढे उभं राहायला हिंमत येते. प्रसिद्ध जपानी बाग त्याच पार्कात आहे, ती नंतर सावकाश बघा.

पार्लेकरीण

किती मनापासून लिहिलंत! चिरेचं माप लगेच एका पानावर लावून बघितलं. मागच्या वेळी तिथल्या जंगलातल्या पायवाटेवर, ओढ्याकाठी उचलून जुन्या दिवाळी अंकात दाबून ठेवलं होतं. आकार साधारण गोल, बोटं नऊ, चिरा निम्म्यापर्यंतही नाहीत. कडा दातेरी. खालच्या बाजूला शिरा एकत्र येतात तिथे भिंगातून बारीक लव दिसते. म्हणजे अमोएनम ना?

कुंडीतलं जंगल (मुलुंड)

जंगलात, ओढ्याकाठी? मग वाण शोधायच्या आधी जात तपासा, काकू. तिथला स्थानिक व्हाइन मेपल, एसर सर्सिनाटम, जपानी मेपलचा जवळचा नातलग आहे. बोटं सात ते नऊ, चिरा उथळ, शरदात तोही लाल होतो. तुमचं वर्णन त्यालाच जुळतंय. ऑक्टोबरमध्ये झाडावर पंखांची बी शिल्लक असेल तर बघा. व्हाइन मेपलचे दोन पंख जवळजवळ एका सरळ रेषेत पसरलेले असतात. म्हणूनच पुस्तक घेताना त्यात फक्त पामेटम आहे की जवळच्या इतर जातीही आहेत, तेही पाहायचं.

गच्चीवरची बाग (कुर्ला)

काकू, येताना एखादं रोप आणता येईल का? गच्चीत जागा आहे माझ्याकडे.

कुंडीतलं जंगल (मुलुंड)

नका हो. परदेशातून रोप आणायचं तर आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, बियांनाही नियम आहेत. ते सगळं जमवलंत तरी या झाडाला थंडीत पूर्ण झोप हवी असते, ती कुर्ल्यात कुठून मिळणार? मे महिन्यात गच्चीवर पानांच्या कडा करपतील आणि दोन-तीन वर्षांत झाड हळूहळू खंगेल. ऑनलाइन निळ्या मेपलच्या बिया विकतात, त्याही घेऊ नका. निळ्या पानांचा मेपल नसतोच. पानाचा रंग बदलताना बघायचाय तर देशी बदाम आहेच. थंडी सरताना त्याची पानं गळण्याआधी लाल होतात. आठवड्याला एक फोटो काढत जा.

पार्लेकरीण

पॉकेट गाइड मागवते. दिवाळी अंकातलं पान बरोबर नेते आणि होइटमध्ये व्हाइन मेपलच्या पाटीखाली लावून बघते. मुलुंडकर, मोठ्या ग्रंथातली कुठली प्रकरणं आधी वाचू? पानांच्या गटांची की लागवडीची?

कुंडीतलं जंगल (मुलुंड)

गटांची. लागवडीचं प्रकरण लेकीला वाचायला द्या, अंगण तिचं आहे.