साधनं नकोत, रोख द्या म्हणे!

चाकोरी:
परवा इथे या फोरमवर 'सरळमार्गी' यांनी ठोकून दिलं की ग्रामपंचायती-नगरपालिका स्वउत्पन्नातला जो ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखतात त्यातून व्हीलचेअरी, श्रवणयंत्रं घेणं बंद करा, सगळं भंगारात जातं, त्यापेक्षा पैसे खात्यावर टाका. त्यावर टाळ्याही पडल्या. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

भंगारात जातं, खरं आहे. का जातं? शिबिराच्या मांडवात एकाच मापाच्या फोल्डिंग खुर्च्या रांगेनं उभ्या. शाळकरी पोरीला तीच आणि ऐंशी किलोच्या गड्यालाही तीच. अख्ख्या गावाला नऊ नंबरच्या चपला वाटा आणि मग म्हणा, लोकांना चालायचंच नाही. माझ्या भावाला मणक्याच्या दुखापतीनंतर अशीच एक मिळाली. खाली गादी नाही, सीटचं रेक्झिन झोळीसारखं लोंबलेलं. पाठीमागे साहेबांचं नाव मात्र ठळक. कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे जखम झालेली त्याला कळलीच नाही. बेडसोअर हाडापर्यंत गेला. पुढे कर्ज काढून मापाची खुर्ची आणि गादी घेतली. आज तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो.

मोजमाप, फिटिंग, वापरायला शिकवणं, दुरुस्ती हे सगळं मिळून 'खुर्ची देणं' होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच लिहून ठेवलंय. आपण फक्त वाटप उचललं. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. तिच्यात मोठ्या माणसाला त्याच कामासाठी ३ वर्षं पुन्हा मदत नाही. मधे पुढचं चाक तुटलं की खुर्ची गोठ्यात. निधी मागायचा तो या दुरुस्तीसाठी, मापासाठी.

सरळमार्गी:
भावाला सरकारी खुर्चीने जखम दिली आणि स्वतःच्या पैशाने घेतलेलीने दुकान दिलं. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

चाकोरी:
रोख म्हणजे किती, ते सांगा की. ४ लाख स्वउत्पन्नाची ग्रामपंचायत धरा. ५ टक्के म्हणजे २० हजार. गावात दिव्यांग २० असले तर माणशी १ हजार. येते का त्यात गादी? तेच २० गावांचे पैसे तालुक्याला एकत्र केले तर ४ लाख होतात. एक मेकॅनिक, थोडे सुटे भाग, माप घेणारा माणूस, एवढं उभं राहतं.

आकडेमोड:
डब्ल्यूएचओ-युनिसेफचा २०२२ चा अहवाल वाचा. जगात २५० कोटींहून जास्त लोकांना किमान एका साधनाची गरज आहे, आणि जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही.

झेडपीचा मास्तर:
जगाचं राहू द्या. आधी बोगस दिव्यांग काढा! बदली टाळायला आमच्या शिक्षकांतलेच किती जण खोटं प्रमाणपत्र काढून रातोरात बहिरे झाले. बीडला २०२३ मध्ये निलंबनं झाली, विसरलात? खऱ्याचा निधी हेच खातात.

कानगोष्ट:
मास्तर, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकू येतं का ते तपासणारी तज्ज्ञ व्यक्ती. 'आवाज आला की बटण दाबा' ही चाचणी फसवता येते, मान्य. पण बेरा चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद थेट बघतात, तिथे नाटक अवघड. बोगस निघतात ते तपासणाऱ्याने डोळे मिटल्यामुळे.

झेडपीचा मास्तर:
म्हणजे तुमचेच लोक सही करतात. कबूल केलंत, बरं झालं.

कानगोष्ट:
आणि ते पाकीट घेऊन येतात कोण? तुमच्याच स्टाफरूममधले ना?

सडेतोड:
दोघेही खरं बोलताय, चालू द्या. माझा मामेभाऊ प्रमाणपत्रावर 'अस्थिव्यंग ४२ टक्के' आहे आणि गावच्या संघात ओपनिंग बॉलर आहे.

झेडपीचा मास्तर:
नाव टाका त्याचं इथे!

लेकराची आई:
तुमचं झालं असेल तर बोलू? या बोगस लोकांपायी दरवेळी फेरतपासणीच्या रांगेत माझं पोर उभं राहतं, तुमचे ते शिक्षक नव्हे. त्याला शिबिरात श्रवणयंत्र मिळालं. कान वाढला, मोल्ड म्हणजे कानात बसणारा मापाचा साचा सैल झाला, यंत्र शिट्टी मारायला लागलं. वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची, मग त्याने ते दप्तराच्या तळाशी दडवलं. बाईंचा शेरा आला, 'यंत्र वापरत नाही'. सरळमार्गींच्या हिशेबात हेच भंगार. यंत्र ठणठणीत होतं हो, नवा मोल्ड फक्त हवा होता. तो करायला जिल्ह्याच्या गावी जायचं, त्या दिवशीची माझी मजुरी बुडवून.

तिरपागडे:
जीएसटी विसरू नका. २०१७ ला श्रवणयंत्र शून्यात ठेवलं आणि व्हीलचेअर ५ टक्क्यांत. पाय नसणं ही चैन असावी.

सरळमार्गी:
बरं बाई, मोल्डचं पटलं. दुरुस्ती केंद्र काढा. पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी कुलूप, तिसऱ्या वर्षी सरपंचांच्या मेव्हण्याचं गोदाम. तेव्हा मी इथेच असेन.

चाकोरी:
असा. कुलूप लागलं की फोटो काढून टाका, तेवढं तरी काम होईल.

करवीरकर:
मध्येच विचारतोय, वडिलांना अर्धांगवायू झालाय. खुर्चीचं माप नेमकं कसं घ्यायचं?

चाकोरी:
कडक बाकावर बसवा. कमरेचा सगळ्यात रुंद भाग मोजा, सीट तेवढीच किंवा बोटभर जास्त. मग बैठकीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत मोजा, त्यातून दोन-तीन बोटं कमी ती सीटची खोली. चालता हात-पाय कोणता आहे? एका हातापायाने खुर्ची ओढणार असतील तर सीट खाली घ्यावी लागेल, टाच जमिनीला टेकली पाहिजे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

झेडपीचा मास्तर:
त्या बॉलरचं नाव अजून आलेलं नाही.