मदत हवी आहे: साध्या स्किल लॅबचा अनुभव सीएचएसईला चालतो का?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी नर्सिंग (मेडिकल सर्जिकल), मराठवाड्यातल्या एका कॉलेजात ट्यूटर आहे, स्किल लॅबही माझ्याकडेच. पुढे सिम्युलेशनमध्येच (म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यांवर किंवा पेशंटचं सोंग घेतलेल्या माणसावर सराव करून शिकवणं) करिअर करायचं ठरवलंय म्हणून सोसायटी फॉर सिम्युलेशन इन हेल्थकेअरची सीएचएसई (सर्टिफाइड हेल्थकेअर सिम्युलेशन एज्युकेटर) परीक्षा द्यायचीय, पण त्यांना सिम्युलेशन वापरून शिकवल्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

आमच्याकडे तो बोलणारा, श्वास घेणारा महागडा मॅनिकिन नाही. सीपीआरचा अर्धा पुतळा, आयव्हीचा (सलाईन लावायच्या सरावाचा) हात, आणि दम लागलेली अस्थमाची पेशंट म्हणजे मीच 😅 पण प्रीब्रीफिंग (आधीची माहिती), सिनारिओ (प्रसंग), मग प्लस-डेल्टाने (काय जमलं, काय बदलायचं) डीब्रीफिंग म्हणजे नंतरची चर्चा, हे सगळं नीट होतं (डीब्रीफिंगला सिनारिओपेक्षा जास्त वेळ देते, मुली खरं तिथेच शिकतात). अडचण अशी की नेमणुकीच्या ऑर्डरवर नुसतं 'ट्यूटर' लिहिलंय, सिम्युलेशनचा उल्लेखच नाही. प्राचार्य मॅडम अनुभवपत्र द्यायला तयार आहेत पण म्हणतात मजकूर तूच आण.

हँडबुक वाचून झालंय, संस्थेला मेलही केला, उत्तर नाही अजून. गुरुग्रामच्या नॅशनल रेफरन्स सिम्युलेशन सेंटरमधल्या ट्रेनिंगचं माहितीये, पण सध्या मोठी रजा मिळणार नाही आणि खर्चही सगळा माझाच. परदेशी जायचं नाहीये.

तर इथे भारतात राहून कुणी ही परीक्षा दिली असेल तर सांगा, साध्या पुतळ्यांवरचा अनुभव धरला का, आणि पत्रात तास लिहून घेतले होते की फक्त कामाचं स्वरूप?