मदत हवी: 1839च्या मोडी हुकुमाची तारीख, प्रतापसिंह महाराजांच्या वेळचा की नंतरचा?

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या रुमालात (कागद बांधून ठेवायच्या फडक्यात) खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावचा एक हुकूम निघालाय. ते सातारा राज्यात कोरेगावकडे कमाविसदार, म्हणजे महसूल वसूल करणारे अधिकारी, होते. मजकूर साधाच, वसुलाचा भरणा हुजूर खजिन्यात करावा म्हणून. अडलंय तारखेवर. आधी 'छ' (चांद्र तारखेची खूण), पुढे कसरीने खाल्लेलं भोक, मग 'जमादिलाखर, सन अर्बैन मयातैन व अलफ'.

म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) 1240. महिना धरला की ऑगस्ट-सप्टेंबर 1839. घोळ इथेच आहे. इंग्रजांनी 5 सप्टेंबरला महाराजांना पदच्युत केलं आणि तो दिवस याच चांद्रमासाच्या शेवटच्या आठवड्यात पडतो. गेलेला आकडा विशीच्या आतला असेल तर हुकूम महाराजांचा, अगदी अखेरचा असेल तर नव्या कारभाराचा. शिक्क्यावरून कळलं असतं, पण शाईची नुसती कड उरलीय.

घरात यावरून दोन तट आहेत. थोरले काका म्हणतात, माणूस महाराजांचा. धाकटे म्हणतात, छे, इंग्रजांच्या बाजूच्या बाळाजीपंत नातूंच्या गोटातला, नाहीतर नोकरी टिकली कशी? टिकली हे मात्र खरं. 1848ला आप्पासाहेब (इंग्रजांनी गादीवर बसवलेले महाराजांचे भाऊ) वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं, त्यानंतरच्या कागदांवरही यांची सही आहे. मला यात फितुरी दिसत नाही. महाराजांमागे काशीला हद्दपारीत जाणं किंवा त्यांचे वकील रंगो बापूजींसारखं 1853पर्यंत लंडनमध्ये भांडत राहणं सगळ्यांना कुठून जमणार? वसूल करणाऱ्याला धनी बदलला तरी त्याच गावांतून फिरायचं असतं. (धाकट्या काकांना हे पटत नाही, असो.)

तर सप्टेंबर 1839च्या आसपासचा सातारा हुजुरातला (दरबारातून निघालेला) हुकूम कोणी पाहिलाय का? महाराज गेल्यावर कागदाचा मायना (सुरुवातीचा ठरीव मजकूर) बदलला का, शिक्का कोणाचा उठायचा? आमच्याकडचा मायना शाबूत आहे, ताडून बघता येईल.

आणखी एक. इनाम कमिशनपुढे (इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इंग्रजी मंडळ), म्हणजे 1852च्या कायद्यानंतर, त्यांनी जमिनीबद्दल कैफियत (लेखी निवेदन) दिल्याचा उल्लेख दुसऱ्या कागदात सापडतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात ती गावाच्या नावाने मागायची की इनामदाराच्या? तिथे बसून काम केलेल्यांनी सांगावं. नुसतं 'इनाम कमिशन' म्हटलं तर रुमालांच्या ढिगात महिना जाईल.

मोडी शिकायचे वर्ग कृपया सुचवू नका, वाचन झालंय. फोटो हवे असतील तर व्यनि करा, मायन्याचा भाग लगेच पाठवतो.