नवेगावबांधच्या तलावाकाठी दोन दिवस: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला घेऊन जावे का?

पाणवठा यांचा प्रश्न:

नमस्कार. डिसेंबरमधील एका शनिवार-रविवारी आई, यजमान आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्यासह नागपूरहून गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला जाण्याचा विचार आहे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले आहेत. ती सपाट जागेवर सावकाश चालते, परंतु पायऱ्या आणि उघड्या जीपमधील धक्के तिला सोसत नाहीत. गेले वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्यांतच गेल्यामुळे आम्हाला आता केवळ झाडे, पाणी आणि शांतता हवी आहे. ज्यांना ओळखतो ते सगळे आधी व्याघ्र प्रकल्पातील सफारीचे आरक्षण करा म्हणून सांगतात. सफारी न करता तिथे दोन दिवस समाधानाने जातात का? मुलीला सारस पाहायचा आहे, तो तलावावर दिसेल का?

अर्जुनीकर यांचे उत्तर:

पाणवठाताई, आईंना अवश्य घेऊन या. माझे सारे आयुष्य याच तालुक्यात गेले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

सफारीसाठी येणारे पाहुणे पहाटे अंधारात जंगलात जातात, उन्हे चढल्यावर परततात, जेवून झोपतात आणि दुपारी पुन्हा निघतात. ज्या तलावामुळे गावाला हे नाव मिळाले, त्याच्याकडे त्यांचे नीट लक्षही जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानतात. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळत असे आणि कोहळी समाजाने या कामात एवढे कौशल्य मिळवले, की कोणत्या दोन टेकड्यांमधली फट बुजवली म्हणजे पाणी अडेल, हे त्यांना नुसत्या नजरेने कळत असे. नवेगावच्या तलावाभोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटलांना लोकांनी पुढे कोलासुर देव मानले आणि त्यांचे ठाणे त्यांपैकीच एका टेकडीवर आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव व्हावा, यावरून पाण्याची इथे किती किंमत होती, ते लक्षात येते.

आईंसाठी माझी सूचना एवढीच, की सकाळी सातच्या सुमारास खुर्ची घेऊन पाण्याजवळ सपाट जागी बसावे. डिसेंबरात त्या वेळी धुके पाण्याला टेकलेले असते आणि समोरचा काठ दिसत नाही. आधी अडई बदकांची शीळ कानावर येते, मग वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके दिसू लागतात आणि धुके वर सरकू लागले की एखादा ढिवर बांधव डोंग्यात उभा राहून जाळे ओढताना दिसतो. हिवाळ्यात तलवार बदकांसारखे उत्तरेकडचे पाहुणेही उतरतात. मुलीसाठी दुर्बीण जरूर आणावी.

सारसाबाबत मात्र आशा लावू नये. पूर्वी तो या बाजूलाही होता. आता गोंदिया जिल्ह्यातील उरलेले सारस मुख्यतः वैनगंगा आणि वाघ नद्यांच्या आसपास, तसेच परसवाडा, झिलमिली अशा गोंदियाकडील तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत दिसतात. त्यासाठी वेगळी सहल करावी लागेल.

रानवाट यांचे उत्तर:

आम्ही मागील हिवाळ्यात गेलो होतो. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा आणि तिथून उजवीकडे वळून नवेगावबांध, असे सुमारे १४० किलोमीटर अंतर आहे. थांबत गेलात तर साडेतीन तास धरावेत.

राहण्याची जागा ठरवताना फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: खोली तळमजल्यावर आहे का आणि रात्रीचे जेवण तिथेच मिळते का. आम्ही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. रात्री आठला पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघर बंद झाले होते आणि सासऱ्यांना मधुमेह असताना बिस्किटांवर रात्र काढावी लागली. शिवाय जंगल आणि पाणी दोन्ही जवळ असल्यामुळे पहाटेची थंडी नागपूरपेक्षा बरीच जास्त बोचते. गुडघ्यासाठी लोकरी पट्टा आणि एक जादा चादर बरोबर असू द्यावी.

साग यांचे उत्तर:

सफारीविषयी माझे मत थोडे निराळे आहे. नवेगावचे जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. आईंनी जाऊ नयेच, परंतु मुलीला वडिलांबरोबर एक सकाळची फेरी जरूर करू द्यावी. गवे, चितळ, अस्वलाने पोखरलेली वारुळे, सागाच्या वाळलेल्या पानांवर पडणारी पावले, हे सारे त्या वयात मनात राहते. केवळ वाघासाठी जाऊ नये. ताडोबाच्या तुलनेत तो इथे कमी दिसतो.

पाणवठा:

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलगी आणि तिचे वडील एक फेरी करतील, तोवर मी आईबरोबर काठावर बसेन. दुपारी गाडीतून फार न उतरता जाता येईल असे जवळपास काही आहे का?

अर्जुनीकर:

आहे. गोठणगावजवळ गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आहे आणि त्याच भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत आहे. धानाच्या शेतांमधून जाताना अचानक रंगीत प्रार्थनापताका दिसू लागतात. मुलीला मौज वाटेल. तेथील मठात शांतपणे बसता येते, मात्र पायऱ्या असल्यास आईंना गाडीतच थांबू द्यावे. प्रतापगडही त्याच बाजूला आहे, पण तिथे चढण असल्यामुळे तो या खेपेस सोडून द्यावा.

परतताना वाटेत उकडलेले शिंगाडे विकायला बसलेल्या बाया दिसल्या, तर पावशेर घ्यावेत. ते याच परिसरातील तलाव आणि बोड्यांमधले, म्हणजे लहान तळ्यांमधले, असतात. साल काळी आणि टोकदार असते, म्हणून मुलीला आधी सोलून द्यावेत. आतला गर गरम असतानाच गोड लागतो.