गोठ्यातली नाचणी कधी पेरू?

वसईची लेक: यंदा पहिल्यांदाच पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करतेय. माहेरी अंगणात बाबा करायचे. बांबूच्या कामट्या, वर भाताचा पेंढा, खाली तांबडी माती आणि तिच्यात हिरवीगार नाचणी. मूर्ती आता माझ्याकडे आल्यात. सामान हलवताना संत योसेफाचा हात मोडला; चिकटवलाय. सांधा दिसतो, पण दुसरी मूर्ती आणणार नाही, ती बाबांच्या हातची आहे. ते गेल्यापासून हे विचारायला कुणी उरलं नाही. बाल्कनीत सकाळी दोनच तास ऊन येतं. नाचणी कधी पेरू? आणि लेक विचारतोय, बाळ येशूला आत्ताच का ठेवायचं नाही?

आगाशीकर: रात्रभर भिजव आणि करवंट्यांत पेर. नवरात्रात घट बसवतात तसंच काम आहे. पहिले दोन-तीन दिवस फडक्याने झाकून ठेव, पाणी ओतू नको, हाताने शिंपड. आपल्याकडे १५ तारखेला पेरलं तरी चालतं, पण पुण्यात थंडी असते, तू १२ लाच पेर. फार लवकरही नको, नाताळापर्यंत लोळते आणि पिवळी पडते.

मावशी, नंदाखाल: बाळ २४ च्या मध्यरात्री, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाल्यावर. तोवर गव्हाण रिकामी, हीच तर वाट बघणं आहे ग! आमच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मुलांनी एक चांगलं काम केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी घालायची, बाळाला मऊ अंथरूण. लेकाला हे सांग. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी गोठा मांडला, तेव्हा मूर्ती नव्हत्याच. खरा चारा, खरा बैल, खरं गाढव. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात, येशूच्या चरित्रात, गव्हाण आहे, पण बैल-गाढव नाहीत. ते बायबलातल्याच यशयाच्या ग्रंथातून आले, धन्याची गव्हाण ओळखणारे. आणि बाळाला भेटायला येणाऱ्या तिन्ही राजांना लांब ठेव, ते ६ जानेवारीला पोचतात.

वसईची लेक: मावशी, वाचताना रडू आलं. बाबाही राजांना पायरीवर ठेवायचे, कारण आज कळलं. नाचणी भिजत घातलीय. पेंढा फळवाल्याने दिला, सफरचंदांच्या पेटीतला. लेकाने सकाळी शेजारच्या आजींची पिशवी वर आणून दिली, पहिली काडी पडली.