बारा कन्सोल, एक जाळीचा रॅक: मांडणी कशी करावी? (बडोदा)

जॉयस्टिक_रावपुरा
विश्वामित्री नदीपासून जवळ, तळमजल्यावरची १० × ९ फुटांची खोली. एका भिंतीला चार-सव्वाचार फूट जागा मोकळी आहे. तिथे क्रोमचा तारजाळीचा रॅक घ्यायचा विचार आहे: ४८ × १४ इंची ५ जाळ्या, ७२ इंची खांब, खाली चाकं. कन्सोल (व्हिडिओ गेमची मशिनं) असे: निन्टेन्डोचे एनईएस आणि जपानी फॅमिकॉम, सेगाचे मेगा ड्राइव्ह १ आणि सॅटर्न, पीएस१ (पीएस म्हणजे प्लेस्टेशन), पीएस२ फॅट (पहिली जाड आवृत्ती), जुना एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६०, निन्टेन्डोचा वी, पीएस३ फॅट, पीएस४ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स. सगळे कायम जोडलेले हवेत, दर वेळी उचलाउचल नको. वर्षानुक्रमे लावायचे म्हणतो, एनईएस सगळ्यात वर आणि सिरीज एक्स तळाला. जाळीला वजन पेलेल का? आणि पावसाळ्याचं काय करायचं?

तारजाळी
वजनाची काळजी सोडा. पीएस३ फॅट ५ किलोच्या आसपास, जुना एक्सबॉक्स ४ किलोच्या आत. ही दोन आणि ३६० अशी तिन्ही जड मशिनं एका जाळीवर ठेवली तरी जाळी वाकत नाही. त्रास होतो तो हलण्याचा. ३६० मध्ये डिस्क फिरत असताना मशिनाला धक्का लागला की डिस्कवर गोल चरा पडतो, आणि तो पुसून जात नाही. म्हणून चाकं घेऊच नका, स्क्रूचे पाय घ्या, आणि वरच्या बाजूला दोन एल-क्लॅम्प लावून रॅक भिंतीला बांधा.

जाळी १४ नव्हे, १८ इंचीच घ्या. पीएस४ ची लांबी साडेतीस सेंमी आहे, त्यामागे एचडीएमआयचा (टीव्हीला जोडायच्या केबलचा) प्लग आणि केबलचं वळण धरून आणखी ५-६ सेंमी लागतात. १४ इंच म्हणजे साडेपस्तीस. प्लग भिंतीला दाबला जातो आणि पोर्टचे (प्लग जिथे बसतो तिथले) सोल्डरचे टाके हळूहळू सुटतात.

जोडताना प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या क्लिपा खांबाच्या खाचेत बसतात. निमुळती बाजू वर, रुंद बाजू खाली. उलट बसल्या तर जाळी अडकत नाही, भार पडला की सरकते. खाचा १-१ इंचावर असतात. चारही खांब आडवे ठेवून मार्करने आधीच खुणा करा. एका खांबावर एक खाच चुकली तरी जाळी डुगडुगते आणि मग लोक रॅकलाच नावं ठेवतात. जाळी चारही कोपऱ्यांवर रबरी हातोडीने ठोकून बसवा, नुसती हाताने दाबून नाही.

काडतूसवाला
वर्षानुक्रम कपाटात शोभेल, इथे गैरसोयच होईल. झाकण कुठून उघडतं ते बघून लावा. फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, पीएस१, सॅटर्न यांच्यात वरून खेळ घालायचा असतो, हात जायला जागा लागते. एनईएस, पीएस२, वी, पीएस४ पुढून घेतात, त्यांना कमी उंची चालते.

जमिनीपासून जाळीची उंची इंचात अशी धरा. १० वर बंद डबे. २४ वर पीएस३, एक्सबॉक्स, ३६०. तिन्ही मिळून ९५-९६ सेंमी होतात, म्हणजे मध्ये हवा खेळायला जागा राहते. ३५ वर एनईएस, पीएस२, पीएस४ आणि उभा वी. ४५ वर वरून उघडणारे चारही. ६० वर एकटा सिरीज एक्स. त्याची गरम हवा वरच्या तोंडाने बाहेर पडते आणि जाळी ती अडवत नाही, त्यामुळे तो तळाला ठेवलात तर वरची मशिनं शेकत बसतील. खांब वर १२ इंच मोकळे राहतील, राहू देत. क्लॅम्प तिथेच लावा.

तारांमधलं अंतर साधारण इंचभर असतं, कन्सोलचे रबरी पाय त्यात उतरतात. अख्खी शीट अंथरली तर खालची हवा बंद होते. तारांना आडव्या, ५ सेंमी रुंद अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या पायांखाली ठेवा आणि टोकाला भोक पाडून केबल टायने बांधा. पीव्हीसीची पारदर्शक मॅट मात्र नको. त्यातलं मऊ करणारं रसायन कन्सोलच्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि मशिनाच्या पोटाला चिकट डाग पडतात. वायर कन्सोलभोवती गुंडाळून ठेवल्यावर जो खड्डा पडतो, तोही याच कारणाने.

व्होल्ट_सांभाळून
अडॅप्टरला नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय रॅकवर चढवू नका. एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी (दिशा बदलणारा प्रवाह) देतो. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) लागतो, प्लगची मधली पिन ऋण. मेगा ड्राइव्ह १ चा अडॅप्टरही डीसी, पिन ऋणच. प्लग एकमेकांत बसतात, घोळ तिथेच होतो. एसीचा अडॅप्टर डीसीच्या मशिनाला लागला की आतला भाग जळू शकतो. चिठ्ठी दोन्ही टोकांना हवी.

फॅमिकॉमचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा. तो आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट नको. इथे मिळणारा १० व्होल्ट डीसी, ऋण पिनचा, ८५० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्तीचा अडॅप्टर घेतलात तर ट्रान्सफॉर्मरचं लोढणं टळतं.

प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच असलेला स्पाइक गार्ड घ्या, दोन गार्ड एकमेकांत लावू नका. जुन्या एक्सबॉक्सचं घड्याळ चालवणारा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) १.६ ही आवृत्ती सोडून बाकी आवृत्त्यांत गळतो आणि बोर्डाच्या रेषा खातो. तो काढून टाका, मशीन फक्त वेळ विसरतं. रिमोट न वापरता ठेवायचे असतील तर त्यांतले पेन्सिल सेल आधी काढा.

जॉयस्टिक_रावपुरा
१८ इंची ठरली, चाकं रद्द. मग क्रोमच घेऊ ना? आणि सिलिका जेल किती लागेल?

तारजाळी
क्रोम नको. बडोद्याच्या पावसाळ्यात तारा जिथे वेल्ड केलेल्या असतात तिथून गंज सुरू होतो. इपॉक्सी कोटिंगची जाळी घ्या. उघड्या रॅकवर सिलिका जेल टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. जेल बंद डब्यातच काम करतं: गेम, मॅन्युअल, जास्तीच्या वायरी हवाबंद डब्यात ठेवा, प्रत्येकात रंग बदलणारी पुडी. खोलीसाठी हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) घ्या, आकडा ५५ टक्क्यांच्या वर गेला की एसी ड्राय मोडवर लावा. मशिनावर प्लॅस्टिकचं आवरण टाकलं तर ओल आत कोंडते, सुती कापड घाला. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक कन्सोल अर्धा तास चालवा.

काडतूसवाला
तळमजला म्हणताय, तर ऑगस्ट २०२४ च्या पुराचं पाणी लक्षात घ्या. १० इंची जाळीवर झाकणाचे प्लॅस्टिक डबेच ठेवा, खोकी नाही. स्पाइक गार्ड जमिनीवर न ठेवता ४५ च्या जाळीखाली खांबाला बांधा. ३६० ची वीट (विटेसारखा मोठा अडॅप्टर) तिच्या मशिनाशेजारी २४ वरच ठेवा, तिच्यात स्वतःचा पंखा आहे, तिला कोपऱ्यात कोंबू नका.